डायलच्या टोकाला

१९५२ साली न्यूयॉर्कमधल्या काही घरांत दिवाणखान्याची मांडणी बदलली. एक रेडिओ खोलीच्या या कोपऱ्यात, दुसरा समोरच्या कोपऱ्यात आणि खुर्ची बरोबर मधोमध. एका संचावर एएम लावायचं, दुसऱ्यावर एफएम. स्टेशन दोन्हीकडे एकच, डब्ल्यूक्यूएक्सआर. पण एका लहरीवरून डाव्या बाजूच्या मायक्रोफोनने टिपलेला आवाज यायचा आणि दुसरीवरून उजव्या बाजूच्या. दोन्ही संचांचा आवाज कान देऊन सारखा करायचा, खुर्ची वीतभर पुढे, वीतभर मागे सरकवायची. मग कधीतरी ते जुळून यायचं. व्हायोलिनं एकीकडे बसायची, चेलो दुसरीकडे, आणि दोन पेट्यांमधल्या रिकाम्या भिंतीतून वाद्यवृंद वाजायला लागायचा. स्टीरिओच्या रेकॉर्ड दुकानात यायला अजून पाच-सहा वर्षं होती.

एवढी खटपट करून ऐकणारा माणूस ही या स्टेशनची मूळ ठेव. १९३६ ते २००९ अशी जवळजवळ ७३ वर्षं स्टेशनने पाश्चात्त्य अभिजात संगीत निव्वळ जाहिरातींच्या जोरावर चालवून दाखवलं. यातलं नवल आपल्याला चटकन जाणवत नाही, कारण आपल्याकडे रागसंगीत रेडिओवर रुजलं ते सरकारच्या पैशावर. १९५२मध्ये आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी चित्रपटगीतांना बाजूला सारून शास्त्रीय संगीताला जागा करून दिली आणि त्या जागेचा हिशेब कुठल्या जाहिरातदाराला द्यावा लागला नाही. अमेरिकेत रेडिओ वाढला तो वेगळ्या वाटेने. न्यूयॉर्क महापालिकेचं डब्ल्यूएनवायसी हे केंद्र १९२४पासून होतं खरं, पण तो अपवाद. बाकी सगळीकडे नियम एकच : साबण, कॉफी आणि मोटारी विकणारे जोवर पैसे देतील तोवर स्टेशन चालेल.

या स्टेशनची सुरुवात मात्र संगीतासाठी झालेलीच नव्हती.

जॉन व्हिन्सेंट लॉलेस होगन हा हाडाचा इंजिनिअर. विशीच्या आतच त्याने ली डी फॉरेस्ट या रेडिओ-संशोधकाच्या प्रयोगशाळेत उमेदवारी केली होती. रेडिओचं स्टेशन एकच खुंटी फिरवून लावता येतं, या सोयीमागच्या शोधातही त्याचा मोठा वाटा. त्याआधी दोन-तीन खुंट्या एकमेकींशी जुळवत बसावं लागे. १९२९मध्ये त्याने डब्ल्यू-टू-एक्स-आर या नावाने प्रायोगिक केंद्राचा परवाना घेतला तो दूरचित्रवाणीसाठी. त्या काळची दूरचित्रवाणी यांत्रिक होती. भोकं पाडलेली चकती गरगर फिरायची आणि मोजक्या रेषांचं, थरथरणारं चित्र उमटायचं. चित्राबरोबर काहीतरी ऐकूही यावं म्हणून होगन आपल्या संग्रहातल्या रेकॉर्ड लावायचा. त्याला अभिजात संगीताचं वेड होतं, म्हणून रेकॉर्डही त्याच.

चित्र पाहण्याचं यंत्र फार थोड्यांकडे होतं. आवाज मात्र अनेकांना सापडला. मग पत्रं येऊ लागली, आणि त्यांत चित्रांविषयी फारसं काही नसे. लोकांना संगीत हवं होतं. पुढचं यंत्र घडवायला बसलेल्या माणसाला श्रोत्यांनीच कळवलं, की तुमच्या हातून झालेली मोलाची गोष्ट ही आहे. होगनने ती पत्रं मनावर घेतली. चित्रं मागे पडत गेली आणि रेकॉर्ड राहिल्या.

१९३३-३४च्या सुमारास अमेरिकेच्या रेडिओ नियामकांनी मीडियम वेव्हच्या वरच्या टोकाला, १५०० किलोहर्ट्झच्या पलीकडे, काही जागा प्रयोगांसाठी मोकळ्या केल्या. होगनने १५५० मागून घेतली. या जागेचं महत्त्व समजायला थोडं तंत्रात शिरायला हवं. नेहमीची स्टेशनं एकमेकांपासून १० किलोहर्ट्झ अंतरावर बसवलेली असत. त्यामुळे शेजाऱ्याच्या अंगणात न जाता साधारण सेकंदाला पाच हजार कंपनांपर्यंतचाच आवाज नेता येई. बोलणं समजायला तेवढं पुरतं, पण वाद्याचा रंग त्याच्या वर असतो. तंबोरा लावल्यावर खोलीत भरून राहते ती जवारी बऱ्याच अंशी वरच्या उपस्वरांची करामत. ते छाटले तर सूर तोच राहतो आणि तंबोरा मात्र हरवतो. व्हायोलिनवर गज घासण्याचा पोत, झांजांची लकाकी, ओबो आणि क्लॅरिनेट यांच्यातला फरक, हे सगळं त्याच वरच्या मजल्यावर राहतं. नव्या जागांमध्ये शेजारी २० किलोहर्ट्झवर होता. होगनला पंख पसरायला दुप्पट जागा मिळाली.

अडचण एकच. तेव्हाच्या पुष्कळ संचांची डायल १५००च्या आसपासच संपायची. शहरातला सर्वांत स्वच्छ आवाज अशा ठिकाणी होता, जिथे अनेकांचा काटा पोचतच नव्हता.

या टप्प्यावर एलियट सँगर आला. होगन यंत्रातला माणूस, तर सँगर जाहिरात आणि वृत्तपत्रांच्या दुनियेतला. दोघांनी १९३६मध्ये इंटरस्टेट ब्रॉडकास्टिंग नावाची कंपनी काढली, व्यावसायिक परवाना मिळवला आणि ३ डिसेंबर १९३६ला प्रायोगिक डब्ल्यू-टू-एक्स-आरचं डब्ल्यूक्यूएक्सआर झालं. नावातला ‘क्यू’ उगीच आलेला नाही. रोमन लिपीतला क्यू हाताने वळणदार लिहिला तर तो दोनच्या आकड्यासारखा दिसतो. व्यावसायिक स्टेशनाच्या नावात आकडा चालत नसे, म्हणून होगनने आकड्याचा जुळा भाऊ शोधून काढला. जुन्या श्रोत्यांना नवं नाव ओळखीचं वाटावं एवढीच इच्छा.

त्या वर्षांत अमेरिकन रेडिओवर अभिजात संगीत नव्हतं असं मुळीच नाही. मेट्रोपोलिटन ऑपेराचे प्रयोग १९३१च्या नाताळापासून देशभर ऐकू येत होते. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक सीबीएसवर होती. एनबीसीने तर १९३७च्या नाताळात आर्तुरो तोस्कानिनीला खास त्याच्यासाठी उभारलेल्या वाद्यवृंदासमोर उभं केलं. पण सीबीएस, एनबीसीसारख्या मोठ्या रेडिओ-जाळ्यांवर ते सणासुदीच्या पक्वान्नासारखं होतं. आठवड्यातून एकदा थाटात वाढायचं, आणि एरवी विनोदी मालिका, नाचाचं संगीत, कौटुंबिक रडारड. होगन आणि सँगर म्हणत होते ते साधं होतं. हे संगीत रोजचं जेवण असू शकतं. सकाळी, दुपारी, रात्रीच्या जेवणाच्या वेळी, झोपण्याआधी.

रोजचं जेवण रांधणं सोपं नव्हतं. तेव्हाच्या ७८ फेऱ्यांच्या मोठ्या तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपे. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी ऐकवायची तर चार तबकड्या, आठ बाजू. स्टुडिओत दोन यंत्रं शेजारी शेजारी. पहिलीवरची बाजू संपत आली, की दुसरीवरची सुई नेमक्या जागी धरून ठेवायची आणि शेवटचा सूर विरायच्या आत तिकडचा आवाज उचलायचा. मग पहिलीवरची तबकडी उलटायची, पुसायची, सुई तपासायची आणि पुन्हा तयार राहायचं. संगीत वाजवणाऱ्या माणसालाही ते अंगात मुरवल्याशिवाय हे साधत नाही. बाजू कुठे तुटते, कुठल्या सुरावर पुढची उचलायची, हे हाताला पाठ असावं लागतं. १९४८मध्ये कोलंबिया कंपनीने एलपी आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली, आणि अशा स्टेशनांत काम करणाऱ्यांना पहिल्यांदा बसून चहा-कॉफी घेता आली असेल.

पैसा कुठून आणायचा? सँगरची भूमिका अशी, की श्रोते थोडे असले तरी ते लक्ष देऊन ऐकतात, आणि लक्ष देऊन ऐकणाऱ्याच्या कानात ओरडायचं नसतं. कार्यक्रमांची छापील पत्रिका निघे आणि लोक ती विकत घेत. आज रात्री काय वाजणार, कोणाचं, कोणी वाजवलेलं, हे आधी वाचून माणूस संचापाशी येऊन बसे. मैफलीला जावं तसं. जाहिरात दोन रचनांच्या मध्ये येई, रचनेच्या मधोमध नाही. १९४४मध्ये तर स्टेशनने गाण्यातून केलेल्या जाहिराती, म्हणजे जिंगल, सरळ बंद करून टाकल्या. मोझार्टची क्लॅरिनेट आणि तंतुवाद्य-चौकडीची रचना संपल्यावर टूथपेस्टचं गाणं कोणालाच नको, असा त्यामागचा विचार. जिंगल हे त्या काळी जाहिरातदारांचं सर्वांत लाडकं हत्यार होतं. ते आपल्या दारात येऊ न देण्याला धाडस लागतं, आणि हे धाडस दाखवूनही स्टेशन चाललं, ही गोष्ट व्यापाराच्या इतिहासात नोंदवण्यासारखी आहे. सँगरने १९७३मध्ये या दिवसांच्या आठवणी पुस्तकरूपाने लिहिल्या. पुस्तकाच्या नावात त्याने स्वतःला रेडिओतला बंडखोर म्हटलं आहे, आणि ते खरंच आहे. नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यात ‘नाही’ म्हणणं हेच बंड.

मग एफएम आलं. एडविन आर्मस्ट्राँगने हडसन नदीपलीकडे अल्पाइनच्या कड्यावर उंच मनोरा उभारून आपली नवी पद्धत जगासमोर ठेवली. हवेतली खरखर गाळून टाकणारी, पूर्ण पट्टीचा आवाज नेणारी. व्यापारी जाळ्यांना ती नको होती, कारण त्यांचा सगळा पैसा एएममध्ये अडकलेला. होगनच्या स्टेशनला मात्र ती हवीच होती. वरच्या उपस्वरांसाठी डायलच्या टोकाला जाऊन बसलेला माणूस ही संधी सोडणार कशी? १९३९च्या नोव्हेंबरमध्ये स्टेशनने स्वतःचं एफएम प्रक्षेपण सुरू केलं. शहरातल्या अगदी पहिल्या एफएम केंद्रांत त्याची गणना होते. पुढे सरकारने एफएमचा सगळा पट्टाच वर उचलला, जुने संच निकामी झाले, नावं आणि जागा बदलत राहिल्या. अखेर ९६.३ हा आकडा न्यूयॉर्कच्या संगीतप्रेमींच्या बोटांना सवयीचा झाला.

१९४४मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे स्टेशन विकत घेतलं. किंमत दहा लाख डॉलरांच्या थोडी वर. युद्ध चालू होतं, लोक बातम्यांसाठी कासावीस होते, आणि छापील वर्तमानपत्राला आपला आवाज घरोघर पोचवायचा होता. ताशी बातम्या टाइम्सच्या, बाकी वेळ संगीताचा. होगन आणि सँगर दोघंही जागेवर राहिले. वर्तमानपत्राचा आब स्टेशनला मिळाला आणि स्टेशनचा श्रोता वर्तमानपत्राला. १९५०मध्ये बाडबिस्तरा टाइम्सच्या ४३व्या रस्त्यावरच्या इमारतीत आला. संगीत विभाग दोन दशकं अब्राम चेसिन्सच्या हाती होता. तो स्वतः पियानोवादक आणि रचनाकार. स्टेशनची स्वतःची चार तंतुवाद्यांची चौकडीही होती. व्यापारी रेडिओने पगार देऊन चेंबर संगीताचे चार वादक पदरी ठेवावेत, हे आज वाचताना कुणाला खरंही वाटणार नाही.

याच इमारतीच्या काळात ते दोन संचांचे प्रयोग झाले. १९६१मध्ये एकाच एफएम लहरीवरून स्टीरिओ पाठवायची परवानगी मिळाली आणि दिवाणखान्यातला दुसरा रेडिओ माळ्यावर गेला.

पण आता या रानात एकच झाड उरलं नव्हतं. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कला १०४.३वर दुसरं अभिजात स्टेशन आलं, डब्ल्यूएनसीएन. शिकागोत बर्नार्ड आणि रीटा जेकब्स या दांपत्याने १९५१मध्ये डब्ल्यूएफएमटी काढलं. तिथे प्रत्येक जाहिरात निवेदकच आपल्या आवाजात वाचत असे, बाहेरून तयार होऊन आलेली चालत नसे. १९६०च्या दशकापर्यंत एफएम म्हणजे सिंफनी, जॅझ आणि विद्यापीठांतली व्याख्यानं असा समज होता. कारण सरळ होतं. तिथे पैसा नव्हता, म्हणून गर्दीही नव्हती. मग तरुणांनी स्टीरिओ संच घेतले, रॉक एफएमवर आलं, आणि ओसाड पडलेल्या प्लॉटला एकदम भाव आला. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. गिरणगावात गिरणी चालण्यापेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली, तेव्हा काय झालं ते त्याने डोळ्यांनी पाहिलं आहे. न्यूयॉर्कच्या हवेत जमिनीऐवजी लहर होती, एवढंच.

पहिला घाव शिकागोत बसला. डब्ल्यूईएफएम हे झेनिथ या रेडिओ बनवणाऱ्या कंपनीचं जुनं अभिजात स्टेशन. १९७२मध्ये ते सिनेमागृहांच्या एका साखळीला दहा लाख डॉलरांना विकायचं ठरलं, आणि नव्या मालकाला तिथे रॉक वाजवायचं होतं. श्रोत्यांनी समिती स्थापून दावा लावला. मुद्दा असा, की अमेरिकेच्या १९३४च्या कायद्याप्रमाणे लहर ही जनतेची आहे आणि परवाना जनहितासाठी दिला जातो. मग एका शहरातून एक संपूर्ण प्रकारचं संगीत नाहीसं होत असेल, तर सरकारने निदान श्रोत्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला नको का? ऑक्टोबर १९७४मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने श्रोत्यांच्या बाजूने कौल दिला. ऐकून घ्यायलाच हवं.

त्याला जेमतेम महिना झाला होता. ७ नोव्हेंबर १९७४च्या पहाटे न्यूयॉर्कमध्ये १०४.३ लावणाऱ्यांना बाख किंवा हायडन ऐकू आला नाही. इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राने गायलेलं ‘रोल ओव्हर बेथोव्हेन’ ऐकू आलं. डब्ल्यूएनसीएन संपलं होतं आणि त्या जागी डब्ल्यूक्यूआयव्ही नावाचं रॉक स्टेशन आलं होतं. बेथोव्हेनला कूस बदलायला सांगणाऱ्या गाण्याची निवड योगायोगाने झालेली नव्हती. अठरा वर्षं ज्या माणसाची सकाळ या स्टेशनने उजाडली, त्याच्या तोंडावर दार आपटलं गेलं ते हसत हसत. मालक कंपनीचा अध्यक्ष होता विल्यम बकली, अमेरिकेतला नामांकित पुराणमतवादी स्तंभलेखक. तो स्वतः हौसेने हार्प्सिकॉर्ड वाजवायचा, बाखवर त्याचा जीव. धंद्याच्या वहीत मात्र हा जीव कुठल्या रकान्यात लिहायचा याची सोय नव्हती.

श्रोते गप्प बसले नाहीत. ‘डब्ल्यूएनसीएन लिसनर्स गिल्ड’ उभी राहिली. हे लोक कधी मोर्चात दिसावेत असे नव्हते. पण त्यांनी सह्या गोळा केल्या, वकील गाठले, नियामक आयोगापुढे अर्ज टाकले. परवान्यावर प्रतिस्पर्धी दावाही दाखल झाला. शिकागोचा निकाल ताजा होता, त्यामुळे मालकाच्या पायाखालची वाळू हलली. अखेर रसायनं आणि छपराचं सामान बनवणाऱ्या जीएएफ या कंपनीने सुमारे २२ लाख डॉलर देऊन स्टेशन घेतलं आणि अभिजात संगीत परत आणायचं कबूल केलं. ऑगस्ट १९७५मध्ये, नऊ महिन्यांनी, १०४.३वर डब्ल्यूएनसीएन पुन्हा बोललं. श्रोत्यांनी संघटित होऊन हातची गेलेली लहर परत मिळवली, असं रेडिओच्या इतिहासात फार थोड्या वेळा घडलं आहे.

स्टेशन परत मिळालं, पण कायदा मिळवायचा राहिला होता. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामक आयोगाला ही जबाबदारी नकोच होती. कोणतं संगीत वाजावं हे सरकारने ठरवायला लागणं म्हणजे सेन्सॉरशिपचा उंबरठा, असं आयोगाचं म्हणणं. बाजार ठरवेल. १९७६मध्ये आयोगाने तसं धोरण लेखी जाहीर केलं. गिल्डने त्याला आव्हान दिलं आणि १९७९मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा श्रोत्यांची बाजू घेतली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

२४ मार्च १९८१ला निकाल आला. सात विरुद्ध दोन, आयोगाच्या बाजूने. न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी बहुमताचा निकाल लिहिला. कार्यक्रमांची विविधता बाजारावर सोपवणं हे जनहिताच्या कायद्याशी सुसंगत आहे, आणि अमुक प्रकारचं संगीत अमुक लहरीवर राहावं असा हक्क राज्यघटना श्रोत्याला देत नाही. थरगुड मार्शल यांनी वेगळं मत नोंदवलं, विल्यम ब्रेनन त्यांच्यासोबत. नियम करा, पण जिथे बाजार उघडउघड चुकतो आहे तिथे श्रोत्याला दाद मागायला एखादी खिडकी तरी उघडी ठेवा, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. आयोगाची भीती खोटी नव्हती. सरकारी कारकून बसून कोणता राग ‘जनहिताचा’ हे ठरवतो आहे, हे चित्र कोणालाच नको. तरीही मार्शल यांची खिडकी बंद झाली याचं दुःख करावंसं वाटतं. कारण त्या निकालानंतर अमेरिकेतल्या प्रत्येक अभिजात स्टेशनचं भवितव्य एकाच गोष्टीवर राहिलं : मालकाचं मन.

डब्ल्यूएनसीएनच्या मालकाचं मन १८ डिसेंबर १९९३ला बदललं. १०४.३वर पुन्हा रॉक आलं आणि या वेळी ते टिकलं. ज्या गिल्डच्या नावाने सर्वोच्च न्यायालयातला खटला ओळखला जातो, तिच्याकडे आता लढायला कायदाच नव्हता.

९६.३वर या सगळ्या काळात दिवा तेवत होता. टाइम्सने १९७१मध्ये स्टेशन विकायला काढलंही होतं, पण सौदा जमला नाही, आणि त्या न जमलेल्या सौद्याने शहराला काय काय दिलं! रॉबर्ट शर्मन या स्टेशनात टंकलेखन करणारा कारकून म्हणून लागला होता. पियानोवादक नादिया रायझेनबर्गचा मुलगा. संगीत त्याने आईच्या घरात ऐकलं होतं. त्याच्या ‘लिसनिंग रूम’मध्ये १९७०पासून १९९३पर्यंत वादक येत, वाजवत आणि त्याच्याशी गप्पा मारत. जॉर्ज येलिनेक हंगेरीतून युद्धाच्या तोंडावर निसटलेला, क्युबामार्गे अमेरिकेत आलेला आणि अमेरिकन सैन्यात लढलेला माणूस. गायिका मारिया कॅलसचं चरित्र त्याने लिहिलं. ‘द व्होकल सीन’ या त्याच्या कार्यक्रमात १९६९पासून पुढची पस्तीस वर्षं तो गायकांच्या आवाजांविषयी बोलत राहिला. कोणत्या गायिकेने कोणत्या साली कोणता सूर कसा लावला, याची चर्चा आपल्याकडे जुन्या मैफलींतले जाणकार पानाला चुना लावता लावता करतात, तशी. फरक इतकाच, की हा माणूस ती सगळ्या शहरासमोर, जाहिरातींच्या पैशावर करत होता. १९७८ ते १९९१ या काळात शहराच्या फिलहार्मोनिकची धुरा मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांकडे होती. न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या माणसाला ते नाव कानावर पडलं, की घरच्यासारखं वाटत असणार.

तरी कोपरे कापले जात होतेच. १९९२च्या डिसेंबरात एएमवरचं अभिजात संगीत थांबलं. होगनने १५५०वर मांडलेला आणि १९४१मध्ये १५६०वर सरकलेला तो जुना संसार आधी जुन्या लोकप्रिय गाण्यांना दिला गेला आणि १९९८च्या अखेरीस मुलांच्या डिस्ने रेडिओला. राहिलं फक्त ९६.३.

२००८च्या आर्थिक संकटाने वर्तमानपत्रांचं कंबरडं मोडलं. टाइम्सवर कर्ज होतं. २००९च्या जानेवारीत कंपनीने मेक्सिकोचा अब्जाधीश कार्लोस स्लिम याच्याकडून २५ कोटी डॉलर उचलले, आणि उन्हाळ्यात स्टेशन निकालात काढलं. जुलैमध्ये जाहीर झालेला सौदा तिहेरी होता. स्पॅनिश भाषेतली स्टेशनं चालवणाऱ्या युनिव्हिजनने टाइम्सला ३ कोटी ३५ लाख डॉलर आणि आपली १०५.९ ही लहर दिली आणि ९६.३ घेतली. ती १०५.९, स्टेशनचं नाव आणि संग्रहासह, डब्ल्यूएनवायसीने १ कोटी १५ लाखांना घेतली. हेच ते १९२४चं महापालिकेचं केंद्र. १९९७मध्ये ते महापालिकेपासून वेगळं होऊन देणग्यांवर चालणारी सार्वजनिक संस्था झालं होतं. दहा लाखांत घेतलेलं स्टेशन साडेचार कोटींना गेलं. त्यातली मोठी रक्कम संगीतासाठी आलेली नव्हती. ती डायलवरच्या जागेसाठी आणि तिच्यामागच्या ताकदीसाठी होती.

युनिव्हिजनला दोष देण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्कमध्ये स्पॅनिश बोलणारे लाखो लोक आहेत, त्यांचीही गाणी आहेत, आणि त्यांनीही शहराच्या कडेपर्यंत स्वच्छ ऐकू येणारं स्टेशन का मागू नये? सल वेगळा आहे. जिंगल नाकारून, अर्ध्यावर तोडलेल्या रचना नाकारून ७३ वर्षं स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या स्टेशनला बाजाराने शेवटी सांगितलं, की तुझ्यापेक्षा तुझी जागा मोलाची. आणि त्याला जगवलं ते बाजाराबाहेरच्या संस्थेने.

८ ऑक्टोबर २००९च्या रात्री आठ वाजता बदल झाला. दोन्ही लहरींचे अँटेना एम्पायर स्टेट बिल्डिंगवरच होते, पण ताकद सारखी नव्हती. ९६.३ला ६००० वॉट होते, १०५.९ला जेमतेम ६००च्या वर. मॅनहॅटनमध्ये फारसं काही जाणवलं नाही. शहराच्या कडेला, उपनगरांत, नदीपलीकडे न्यू जर्सीत, जिथे काल संध्याकाळपर्यंत चेलो ऐकू येत होता, तिथे खरखर आली. नेहमीचे काही निवेदक नव्या घरात तेच होते आणि संगीतही तेच होतं. जाहिराती गेल्या होत्या, त्यांच्या जागी देणगीची विनंती येणार होती.

दूरच्या घरांतल्या श्रोत्यांनी संच खिडकीपाशी नेले, अँटेनाची तार लांबवली, ती पडद्याच्या दांडीला अडकवून पाहिली. काटा पुन्हा उजवीकडे सरकला होता, १०५.९पर्यंत, जिथून पुढे दोन बोटांवर एफएमचा पट्टा संपतो.